पहिल्या हाकेला ओ

१

आमच्या घरात कुणीही हाक मारली तरी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा मायचा दंडक आहे. माझे वडील काशाप्पा निम्मं आयुष्य मेंढरांमागं फिरले. माळावर दिवस कलताना लांबून आपल्या नावाची हाक आली तर गप्प राहायचं, दुसरी आली तरच ओ द्यायची, ही त्यांची रीत. पुढं मेंढरं गेली, तुरीचं थोडं रान झालं, वडीलही गेले, पण रीत घरात राहिली.

लहानपणी मी मायला विचारलं होतं, "पहिल्या हाकेला ओ दिली तर काय होतंय?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "जित्या माणसाला कामं असत्यात, झोप असती, आळस असतोय. त्याला दोनदा बोलवावंच लागतंय. पहिल्याच हाकेला ओ देणारं म्हंजे ज्याला दुसरं काय कामच न्हाई, नुसतं वाट बघत बसलंय, तसलं."

मी मुळात आळशी, त्यामुळं हा दंडक मला फारच मानवला. कॉलेजात शिकवायला लागलो तरी माय चिडवायची, "अन्या तर तिसऱ्या हाकेला बी कूस बदलतोय. लई जगणार बघ हे लेकरू."

रवीचं उलट. रविकुमार माझा थोरला भाऊ. दुसरी हाक पुरी व्हायच्या आत त्याची ओ यायची, आणि ती कधी सरळ नसायची. शेवटाला किंचित वर जायची, आपणच त्याला काही सांगायचं राहिलंय अशी. "ओऽय?"

रस्त्याकडेनं चर खणून त्यात फायबरची केबल टाकणाऱ्या टोळीत तो कामाला होता. सोलापूर, पुणे, मग कोकणात उतरणारा घाट. तीन वर्षांमागं एके दिवशी मुकादमाचा फोन आला, की तुमचा माणूस सुट्टी घेऊन गावाकडं निघालाय. तो पोचलाच नाही. त्या दिवसांत घाटात चराची कड ढासळली होती, असं टोळीतला एकजण दबक्या आवाजात बोलला. मुकादम म्हणाला, असं काही झालंच नाही. मी तिथं जाऊन आलो, पोलिसांत कागद दिला. तोवर चर बुजवून वर डांबर पडलं होतं आणि त्यावरून ट्रक जात होते.

तेव्हापासून दिवस मावळताना माय अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहते आणि हाक मारते. "रव्याऽऽ!" एकच. दुसरी मारत नाही. दुसऱ्या हाकेला जित्या माणसानं ओ द्यायला हवी, आणि ती आली नाही तर काय समजायचं हे तिला ठाऊक आहे. घाटातल्या किंवा पुण्यातल्या माणसाला आळंदजवळच्या आमच्या खेड्यातली हाक ऐकू जाणार कशी, असं मी एकदा बोलून बसलो. ती तोंड फिरवून आत गेली. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

रवीची बायको तुळजा ही हाक रोज चुलीपुढं बसून ऐकायची. एकदा मला बस स्टँडवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "भावजी, आत्याबाईला कळून घ्यायचं न्हाई. मला घ्यायचंय. कुंकू लावताना रोज हात थांबतोय माझा. बाप म्हणतोय, चल, दुसरा पाट लावून देतो. कुण्या तोंडानं जाऊ? आन् कुण्या तोंडानं ऱ्हाऊ? काय असंल ते एकदा कळू द्या मला."

मी म्हणालो, बघतो. घरातल्या शिकलेल्या माणसाला एवढंच म्हणता येतं.

२

मी गुलबर्ग्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि मिळेल त्या वेळात पीएच.डी.चं काम करत होतो. विषय लेसर. पण बटण दाबलं की जळत राहणारा नव्हे.

माझा लेसर म्हणजे तांदळाच्या कणीएवढा सेमीकंडक्टरचा तुकडा. त्याला लागतो त्यापेक्षा थोडा कमीच करंट द्यायचा. मग तो विझलेला असतो, पण झोपलेला नसतो. त्याला प्रकाशाचा बारीक धक्का दिला तर तो दाद देत नाही. धक्का एका मर्यादेच्या वर गेला की एक ठिणगी टाकतो आणि लगेच गप्प होतो. धक्का जरासा मोठा असो की दांडगा असो, ठिणगी तेवढीच आणि तशीच. ठिणगी टाकून झाली की काही काळ तो बहिरा. त्या काळात काहीही करा, उत्तर नाही. आपल्या मेंदूतली पेशी नेमकी अशीच वागते, म्हणून त्या वर्षांत जगभरचे लोक या कणीच्या मागं लागले होते. आमच्या कॉलेजात मी एकटा.

त्याचा आणखी एक गुण माझ्या कामाचा होता. अपुरा धक्का एकटा आला तर वाया जातो. पण त्याच्या अगदी पाठोपाठ दुसरा अपुरा धक्का आला, तर दोघांची बेरीज होते आणि ठिणगी पडते. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी त्या बंद खोलीत एकटाच हसलो. मायचा दंडक त्या कणीला कुणी सांगितला होता? मग मी पहिल्या धक्क्याला पहिली हाक आणि दुसऱ्याला दुसरी हाकच म्हणू लागलो.

मांडणी सोपी होती. धक्का दोन वाटांनी लेसरपर्यंत जायचा. एक वाट सरळ. दुसरी फायबरच्या मोठ्या वेटोळ्यातून फिरून येणारी, म्हणून किंचित उशिरा पोचणारी. वेटोळ्याच्या तोंडाशी पत्र्याची एक झडप. झडप बंद असली की एकच हाक, उघडी असली की दोन.

ते वेटोळं रवीनं आणलेलं. टोळीत उरलेला तुकडा त्यानं शेवटच्या दिवाळीला घोंगड्यात गुंडाळून एस.टी.तून आणला होता. "तुझ्या कालिजात लागतंय म्हणालतास की," म्हणत माझ्यापुढं ठेवला. पिवळ्या वेष्टणाचं ते भेंडोळं तीन वर्षांहून जास्त माझ्या टेबलावर होतं. मी ते रोज बघायचो आणि रोज दुखायचं.

३

त्या थंडीत मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुलबर्ग्याला करायचं ठरलं. डोळ्याला पट्टी, मग काही दिवस माझ्या खोलीवर मुक्काम. तिला डोळ्याची काळजी नव्हती. काळजी हाकेची होती.

"मी हितं आन् हाक कोण मारंल? खंड पडंल की."

तुळजा मारू शकत नव्हती. ती नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलेलं नाही. मग तिनंच तोड काढली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मायची हाक तिनं मोबाईलमध्ये भरून घेतली. रोज दिवस मावळताना ती गडग्यावर मोबाईल ठेवून हाक वाजवणार. मायची खात्री पटावी म्हणून तीच हाक माझ्याही मोबाईलमध्ये घातली, म्हणजे मी तिला खोलीवर ऐकवायची. मी मनात म्हटलं, चला, आता हाकही मशीनवर गेली.

त्याच दिवसांत लॅबमधलं धक्के देणारं यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला हैदराबादला गेलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या गुंडेराव सरांनी माझ्यासाठी एक जुगाड करून दिलं. टेबलावर माईक. आवाज झाला की सर्किट ठरलेल्या मापाचा एक अपुरा धक्का देणार. आवाज लहान असो, मोठा असो, धक्का एकच, एवढाच. मग काही क्षण सर्किट बंद.

"टाळ्या वाजवा सर, आन् पीएच.डी. घ्या," गुंडेराव म्हणाले.

मी खरंच टाळ्या वाजवत बसलो. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, बाहेर टळटळीत दुपार, आत एसीची घरघर आणि माझ्या टाळ्या. झडप बंद असताना टाळी: काही नाही. झडप उघडी असताना टाळी: ठिणगी. सगळं पुस्तकाप्रमाणं. तळवे लाल झाले तेव्हा मोबाईल समोर दिसला. झडप बंद करून मी मायची हाक लावली.

"रव्याऽऽ!"

पडद्यावर ठिणगी उमटली.

४

झडप सैल असेल. मी ती बोटानं दाबली, वर काळी टेप लावली. हाक लावली. ठिणगी.

हाक लांब आहे, त्यामुळं सर्किट दोनदा धक्का देत असेल. पडद्याच्या वरच्या रेघेवर धक्का दिसतो, खालच्या रेघेवर लेसर. वर एकच धक्का होता, टाळीला होता तेवढाच.

खोली गार पडली असेल, गार झाला की लेसर जरा हळवा होतो. मी एसी बंद केला, घाम येईपर्यंत बसलो. टाळी: काही नाही. हाक: ठिणगी.

मग मी स्वतः ओरडलो, "रव्याऽऽ!" काही नाही. कानडीत 'ये रे' म्हणून ओरडलो, "बारो!" काही नाही. मोबाईलमधलं भजन लावलं, बातम्या लावल्या. वरच्या रेघेवर दरवेळी धक्का, खालची रेघ सपाट. पुन्हा मायची हाक. ठिणगी.

दुसऱ्या दिवशी गुंडेरावांना बोलावलं. त्यांनी सर्किट उलटंपालटं केलं, माईक बदलला, दोनचार वेळा हाक ऐकली. "अम्मांचा आवाज हाय व्हय?" म्हणाले. मग हसणं थांबवून म्हणाले, "सर, एका धक्क्यात ही ठिणगी पडायलीय म्हंजे दुसरा धक्का कुठूनतरी येतोयच. तेवढं शोधा." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अर्धं मी देत होतो. उरलेलं अर्धं दुसरं कुणी देत होतं, आणि नेमकं त्याच क्षणी.

लेसरकडं जाणाऱ्या वाटा दोनच. सरळ वाटेवर माझा धक्का होता. दुसरी वाट वेटोळ्याची, तिचं तोंड मी टेप लावून बुजवलेलं.

मी कपाटातून कंपनीचं नवं वेटोळं काढून बसवलं. हाक लावली. खालची रेघ सपाट. दहा वेळा लावली असेल, सपाट. मग रवीचं वेटोळं परत जोडलं. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो. भौतिकशास्त्राच्या माणसानं भर दुपारी पिवळ्या वायरीला भ्यावं, याची लाजही वाटत होती.

हाक लावली. ठिणगी पडली.

या वेळी मी तिचा आकार मोठा करून बघितला. या लेसरच्या सगळ्या ठिणग्या सारख्या असतात, चढ आणि उतार, बस. माझं अर्धं काम याच एका गोष्टीवर उभं होतं. ही ठिणगी उतरता उतरता शेवटाला किंचित वर गेलेली होती.

मी मशीन बंद केलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

त्या संध्याकाळी खोलीवर गेलो तेव्हा माय पट्टी बांधलेला डोळा भिंतीकडं करून पडली होती. मी चहा ठेवला.

"अन्या, दुपारी डोळा लागला होता माझा. कुणीतरी ओय म्हणलं."

"शेजारचं पोरगं असंल."

"तसंच असंल," माय म्हणाली. "मी हाक कुठं मारली होती." जरा वेळानं म्हणाली, "आज ती मोबाईलमधली हाक लावू नको. दमलासा दिसतोस."

५

शनिवारी तुळजा सासूला बघायला आली. ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी, तुरीचं वरण असा डबा. माय झोपल्यावर ती दारात येऊन बसली.

"भावजी, तुमचं काय बिनसलंय? आल्यापासनं बघायलेय, माझ्याकडं बघंनात तुमी."

मी काही नाही म्हणालो. ती तशीच बसून राहिली. वाट बघायची तिला सवय होती. शेवटी मी सगळं सांगितलं. लेसर, झडप, वेटोळं, ठिणगीचा आकार. मी सांगताना शंभर वेळा म्हणालो, की याला काहीतरी साधं कारण असणार, मला ते सापडत नाही एवढंच. तिनं त्यातलं एकच धरलं.

"पहिल्या हाकेला?"

"व्हय."

तिनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. मग म्हणाली, "मला तिथं न्या."

"वैनी, त्यानं काय सिद्ध होत न्हाई."

"तुमचं काय व्हायचं ते होऊ द्या. पहिली हाक तिथं वाजलीय. दुसरी कुणीच मारली न्हाई अजून. आत्याबाई मारणार न्हाई. मी मारते."

 पहिल्या हाकेचं काहीही असो, दुसऱ्या हाकेला ओ आली तर माणूस जिता. आमच्या घरात एवढा एक नियम होता आणि तिला तो पुरेसा होता. मला मात्र ओ आली तर काय, आणि नाही आली तर काय, या दोन्हीची धास्ती होती. तरी मी उठलो. तीन वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट होती.

६

शनिवार दुपार, कॉलेज रिकामं. तुळजानं लॅबच्या दारात चपला काढल्या, देवळात काढाव्या तशा. मी नको म्हणालो नाही.

आत अंधार, पडद्याचा हिरवट उजेड, एसीची घरघर. तिनं वेटोळं लगेच ओळखलं. "घोंगड्यात बांधून आणलेलं हेच की," म्हणून त्यावरून हात फिरवला. या लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जिथं पडेल तिथं नारिंगी चमकणारं एक कार्ड आम्ही वापरतो. प्रकाश कुठं पडतो ते तिला दिसावं म्हणून ते मी तिच्या हातात दिलं, पडदा कसा वाचायचा ते सांगितलं. वरची रेघ हाकेची, खालची ओची.

झडप बंद होती, वर टेप होती. मी मोबाईल माईकजवळ ठेवला.

"रव्याऽऽ!"

वर धक्का, खाली ठिणगी. शेवटाला किंचित वर गेलेली. तुळजानं ती बघितली. मी तिला आकाराचं काही पुन्हा सांगितलं नाही, पण तिचा हात गळ्यातल्या मण्यांकडं गेला.

"असंच म्हणायचे," ती म्हणाली.

मग ती माईकवर वाकली. ओठ हलले, आवाज आला नाही. नवऱ्याचं नाव इतकी वर्षं गिळलेलं होतं, ते वर यायला वेळ लागला. एसी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तेवढा वेळ गेला.

"रविकुमार," ती म्हणाली. कुणाला झोपेतून उठवताना म्हणावं, इतक्या हळू.

वरच्या रेघेवर धक्का उमटला. खालची रेघ सपाट.

आम्ही थांबलो. थांबण्यात अर्थ नव्हता, तिथलं जे काही व्हायचं ते पापणी लवायच्या कितीतरी आधी होऊन जातं. तरी थांबलो. ती पुन्हा नाव घेईल असं मला वाटलं. तिनं घेतलं नाही. दुसरी हाक एकदाच असते.

"झालं," ती म्हणाली.

मी लेसरचा करंट शून्यावर आणला, स्विच बंद केला, वेटोळ्याचं टोक लेसरपासून सोडवलं. हे मला नीट आठवतं, कारण पुढं कितीदा तरी मी स्वतःला विचारलं, की बंद केलं होतं ना? पडदाही विझला. त्या अंधारात तुळजा म्हणाली, "भावजी, हे पेटलंय अजून."

तिच्या हातातलं कार्ड वेटोळ्याच्या सुटलेल्या टोकासमोर होतं. त्यावर बाजरीच्या दाण्याएवढा नारिंगी ठिपका होता. हलत नव्हता, लुकलुकत नव्हता. लेसर बंद, झडप बंद, खोलीत दुसरा प्रकाश नाही. तो ठिपका तिथं नुसता बसून होता.

तुळजानं कार्ड हळूच टेबलावर पालथं घातलं.

"ही वायर घरी आणा," ती म्हणाली. "हितं एकटी ठिवू नका."

बाहेर आल्यावर चपला घालताना ती म्हणाली, "आत्याबाईला ह्यातलं काय सांगायचं न्हाई. त्या हायेत तवर मी हे बांगड्या-कुंकू असंच वागवीन. मला कळलं, बास. आत्याबाईचं आत्याबाईपाशी ऱ्हाऊ द्या." मी हो म्हणालो. तिच्यापुढं मला फार लहान वाटलं, आणि फार दुःख झालं. भाऊ गेला हे मी त्या पायरीवर, कॉलेजच्या त्या दुपारच्या उन्हात, पहिल्यांदा मान्य केलं.

७

मायची पट्टी निघाली आणि मी तिला गावी घेऊन गेलो. बसमध्ये खिडकीशी बसून ती सारखी बोलत होती. तुरीची कापणी दिसतीय, त्या बाईचं लुगडं दिसतंय, आळंदच्या अडतीवरची पाटी दिसतीय, वाचता येत नसली तरी दिसतीय. मी हसत होतो. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत वेटोळं.

घरी आल्यावर पिशवी मी ओसरीच्या खुंटीला टांगली. तुळजानं एकदा तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.  तिनं भाकरी केल्या. मी ओसरीवर खुंटीखाली बसून खायला लागलो. ती समोर चुलीपाशी. माय अंगणात हिंडत प्रत्येक वस्तू नव्या डोळ्यानं बघत होती.

दिवस मावळतीला आला. माय गडग्याशी जाऊन उभी राहिली. पाठमोरी. पदर सारखा केला. इतक्या दिवसांनी आपल्या तोंडानं हाक मारायची म्हणून घसा साफ केला.

"रव्याऽऽ!"

"ओऽय?"

अगदी जवळून. ओसरीवरून. किंचित वर गेलेली.

मी ओ दिली नाही, असं मला शपथेवर सांगावंसं वाटतं. माझ्या तोंडात घास होता. पण मी खाली बघितलं तेव्हा तो घास माझ्या मांडीवर पडलेला होता, आणि माझा घसा खरवडल्यासारखा दुखत होता, लांबवर ओरडल्यावर दुखतो तसा. मी तुळजाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या वर, मागं, खुंटीच्या बाजूला बघत होती, आणि तिची नजर एखादा माणूस उभा असल्यावर जिथं थांबते तिथं थांबली होती. मी वळून बघितलं नाही.

माय वळली नाही. तिचे दोन्ही हात गडग्याच्या दगडावर होते. पहिल्या हाकेला ओ आली होती, आणि पहिल्या हाकेला कोण ओ देतं हे या घराला तिनंच शिकवलं होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. कुठंतरी म्हैस हंबरली. मग मी तिचा श्वास ऐकला, आत घेतलेला, लांब.

तीन वर्षांत तिनं जी मारली नव्हती ती दुसरी हाक तिनं मारली.

"रव्याऽऽ!"

आता मी ओ द्यायची होती. एवढंच करायचं होतं. रवीसारखी जमली नसती तरी चाललं असतं, खोटी चालली असती, तिनं ती ओळखली असती तरी धरून ठेवली असती. मला ती मनापासून द्यायची होती. मी तोंड उघडलं. घशातून वाराही बाहेर पडला नाही. मी जोर लावला, छाती दुखेपर्यंत लावला, डोळ्यांतून पाणी आलं. आत काही उठायलाच तयार नव्हतं. एकदा ठिणगी टाकून झाली की ती कणी अशीच बहिरी होते, हे मी रोज पडद्यावर बघत आलो होतो.

माय थांबली. गडग्यापलीकडचा माळ दिसेनासा होईपर्यंत थांबली.

माझ्यामागून, ओसरीवरून, या वेळी ओ आली नाही. समोर तुळजा उठली, वरवंटा घेऊन उंबऱ्याशी बसली आणि तिनं मनगट दगडावर टेकवलं. काच फुटल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला.

माय गडग्याकडंच तोंड करून म्हणाली, "हळू गं तुळजे. हाताला लागंल."